पाठ अद्ययावत ठेवायचा म्हणजे त्यातलं नेमकं काय बदलायचं?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीचे भूगोल आणि विज्ञान दोन्ही विषय तुमच्याकडे आहेत. नववीचं पुस्तक 2017 साली आलेलं, दहावीचं 2018 साली. रोज रात्री जेवणानंतर यूट्यूब धुंडाळण्यात वेळ जातो, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीपीटींनी लॅपटॉप भरलाय, आणि तरीही वर्गात उभं राहिलं की आपण जुनंच शिकवतोय असं वाटतं. ऑनलाइन साहित्य वापरून पाठ अद्ययावत ठेवायचे कसे आणि त्यासाठी चांगल्या वेबसाइट कोणत्या, असं तुम्ही विचारलंय. शिवाय मुख्याध्यापकांचा आग्रह आहे की रोज एक तरी तास 'डिजिटल' झाला पाहिजे.

वेबसाइटींची नावं ओघात येतीलच. पण तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं की तुमच्याकडे साहित्य कमी नाही, उलट जास्तच झालंय. अडचण अशी आहे की पाठातलं काय जुनं झालंय हे ठरवायच्या आधीच तुम्ही नवं शोधायला बसता. मग 'अवकाश मोहिमा' असं टाकलं की पाऊण तासाचे व्हिडिओ समोर येतात. त्यातल्या बहुतेकांत पुस्तकातलाच मजकूर पार्श्वसंगीत लावून वाचलेला असतो. तो दाखवून तास संपतो आणि पाठ होता तिथंच राहतो.

आधी एक सांगून टाकते. पुढे जे लिहितेय त्यातलं किती लागू पडेल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. प्रत्येक वर्गात इंटरॅक्टिव्ह बोर्ड आणि बऱ्यापैकी वायफाय असलेली शाळा वेगळी. आमच्यासारखी शाळा, जिथं प्रोजेक्टर एकच, तो प्रयोगशाळेत, आणि नेट म्हणजे स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट, ती वेगळी. दहावीचा पोर्शन डिसेंबरअखेर संपवून सराव परीक्षा घ्यायच्या असतील तर तुमच्या हातात मोजकेच मोकळे तास उरतात. तरी निम्मं काम असं आहे की त्याला वर्गात वीज लागतच नाही. त्याच कामापासून सुरुवात करू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुढच्या वर्षीचं पुस्तक आणि एक पेन्सिल घेऊन बसते. वाचता वाचता फक्त एवढंच बघते की या ओळीतली गोष्ट बदलणारी आहे का. घरात तांदूळ वर्षभर टिकतो आणि दूध रोज बघावं लागतं, तसंच पाठाचंही असतं. दहावी विज्ञान भाग 1 मधला अवकाश मोहिमांचा पाठ घ्या. कक्षा म्हणजे काय, उपग्रह खाली का पडत नाही, मुक्तिवेग सेकंदाला 11.2 किमी का, यातलं काहीही जुनं होणार नाही. जुनी होते ती मोहिमांची यादी. पुस्तक 2018 चं, आणि चांद्रयान-2 निघालं 22 जुलै 2019 ला. चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं 23 ऑगस्ट 2023 ला, आदित्य-एल1 आपल्या जागी पोचलं 6 जानेवारी 2024 ला. म्हणजे अख्ख्या पाठात माझी पेन्सिलची खूण एक-दोन जागीच पडते. प्रकाशाच्या अपवर्तनात एकही पडत नाही. ज्या पाठात खूण नाही त्याच्यासाठी रात्री जागायचं कारण नाही.

भूगोलात खुणा जास्त पडतात, हे तुम्हालाही जाणवलं असेल. लोकसंख्या, साक्षरता, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, व्यापाराचे आकडे, जिल्ह्यांची नावं. स्टाफरूमबाहेर टांगलेला भारताचा नकाशा एकदा नीट बघा. तेलंगण 2 जून 2014 ला झालं, जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे केंद्रशासित प्रदेश झाले 31 ऑक्टोबर 2019 ला, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले 26 जानेवारी 2020 ला. आता 28 राज्यं आणि 8 केंद्रशासित प्रदेश. आमचा नकाशा यातल्या सगळ्याच्या आधीचा आहे. तो काढून टाकायचा विचार मी सोडून दिला. दर वर्षी नववीचा एक गट त्यावर चिकटपट्टीने सुधारणा करतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख लिहितो. नवा नकाशा टांगला असता तर यातली एकही तारीख मुलांच्या लक्षात राहिली नसती.

काही बदल इतके गुपचूप होतात की आपल्याला कळतही नाहीत. मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा हे त्याचं चांगलं उदाहरण. भारतीय हवामान विभागाने त्या 2020 साली नव्याने ठरवल्या. केरळात आगमन 1 जूनच राहिलं, पण वायव्य भारतातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर धरली जाते, आणि मुंबईतून मान्सून माघारी जायची तारीख सप्टेंबरच्या अखेरीवरून 8 ऑक्टोबरला गेली. पावसाची दीर्घकालीन सरासरीसुद्धा तशीच. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी पूर्वी 88 सेंमी म्हणायचे. 1971 ते 2020 या काळावरून काढलेली आता 87 सेंमी आहे. बातमीत 'सरासरीच्या 106 टक्के पाऊस' असं येतं ते या आकड्याच्या तुलनेत. तुमच्या जुन्या नोट्समध्ये आणि कुठल्यातरी पीपीटीत अजून जुन्या तारखा असतील, आणि त्या चुकीच्या आहेत असं कुणी येऊन सांगणार नाही.

मग खूण केलेली गोष्ट तपासायची कुठे? माझा नियम साधा आहे. तो आकडा मुळात ज्याच्या दप्तरात तयार होतो त्याच्याकडेच जायचं. पावसासाठी हवामान विभाग, मोहिमांसाठी इस्रो, लोकसंख्येसाठी जनगणना आयुक्तांचं कार्यालय, जिल्ह्याच्या नावासाठी राज्य शासनाची अधिसूचना, पाठ्यपुस्तकातल्या दुरुस्तीसाठी बालभारती. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. तुमच्या हातातली प्रत आणि तिथली प्रत यांचं पुनर्मुद्रणाचं साल पहिल्या पानांत बघून घ्या. कधी कधी दुरुस्ती आधीच झालेली असते आणि आपण जुन्या प्रतीवरून शिकवत असतो.

मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया मीही रोज उघडते, पण दोन वेगळ्या कामांसाठी. विश्वकोशातली संकल्पनेची मांडणी अप्रतिम असते, आकडे मात्र नोंद लिहिली गेली त्या काळचे. विकिपीडियावर आकडा ताजा असू शकतो, पण मी तो तिथून उचलत नाही, खालच्या संदर्भावर जाऊन बघते. चॅटबॉटचं विचाराल तर प्रश्न तयार करायला, एकाच संकल्पनेवर सोपे-अवघड उतारे लिहून घ्यायला तो कामाचा आहे. आकड्यांसाठी नाही. ज्या उत्तरात साल आणि उगम नाही ते माझ्या फळ्यावर जात नाही, मग ते चॅटबॉटचं असो की शेजारच्या शाळेतल्या सरांचं.

आता जिथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय तिथं येते. ताजं ते बरोबर, असं नेहमी नसतं.

दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. पूर्ण पुस्तक तुलनेवर उभं आहे. भारताची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 121 कोटी, ब्राझीलची 2010 नुसार सुमारे 19 कोटी. उत्साही शिक्षक काय करतो? ब्राझीलचं शोधतो, तर 2022 ची त्यांची जनगणना सापडते, सुमारे 20.3 कोटी. भारताचं शोधतो, तर आपली 2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 मध्ये होतेय. मग फळ्यावर ब्राझील 2022 चा आणि भारत 2011 चा. घनतेत ब्राझील दर चौकिमीला 22 वरून 24 वर आला आणि आपण 382 वर थांबलेलो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण शेजारी ठेवले की तुलना बिघडते. मुलं यातून लोकसंख्यावाढीबद्दल काहीतरी निष्कर्ष काढणार, आणि तो चुकीचा असणार.

दुसरा एक शिक्षक कुठल्यातरी साइटवरून भारताचा '146 कोटी' असा आकडा उचलतो आणि जनगणनेच्या आकड्याच्या जागी लिहितो. तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली भारताने चीनला मागे टाकलं, हे वर्गात जरूर सांगा. पण 'अंदाज' हा शब्द आणि साल या दोन्हींसह सांगा.

म्हणून अशा पाठाला मी दोनपैकी एक करते. एक तर पुस्तकातलीच जोडी तशीच ठेवते, कारण 2010 आणि 2011 जवळ आहेत आणि दोन्ही प्रत्यक्ष मोजण्या आहेत. नाहीतर दोन्ही देशांचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या एकाच तक्त्यातून, एकाच सालाचे घेते. एका बाजूचा आकडा बदलायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, हे कधीच करत नाही. वर्गात मी हा गोंधळ मुद्दाम फळ्यावर मांडते आणि विचारते, 'यात काय खटकतंय?' गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने लगेच सांगितलं, 'बाई, एकाचं वय आजचं लिहिलंय आणि एकाचं पहिलीतलं.' त्यानंतर मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

ग्रहांचे उपग्रहही असेच. शनीचे 2023 मध्ये 146 म्हणायचे, मार्च 2025 मध्ये एकदम 128 नव्यांची भर पडून 274 झाले. 'आत्ता किती' हा आकडा पाठ करून घेणं म्हणजे वाया गेलेली मेहनत. एवढे उपग्रह आधी कुठे होते, हा प्रश्न मात्र टाकण्यासारखा आहे. होते तिथंच होते, अगदी लहान आणि अंधूक असल्यामुळे दिसत नव्हते, हे मुलं स्वतः काढतात.

यावरून तुमच्या मनात येणारच: परीक्षेत काय लिहायचं? बोर्डाची प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तर पाठ्यपुस्तकाला धरून असतात. त्यामुळे मी मुलांना सरळ सांगते, पुस्तकातला आकडा यायलाच हवा, आणि तो लिहिताना साल लिहा. '2011 च्या जनगणनेनुसार' असं लिहिलेलं उत्तर कायम बरोबर असतं. अधिक काही माहीत असेल तर कंसात एक ओळ. जिल्ह्यांच्या नावांत मात्र अधिकृत नाव तेच खरं: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. नकाशा जुना असेल तर जुनं नाव ओळखू यावं म्हणून तेही सांगायचं.

आता व्हिडिओ आणि सिम्युलेशन. यांचा 'अद्ययावत' असण्याशी फारसा संबंध नसतो हे आधी मान्य करू. त्यांचा उपयोग आहे तो जे फळ्यावर दिसत नाही ते दाखवायला. ॲमेझॉनचं जंगल कमी होतंय हे वाक्य पुस्तकात आहे आणि मुलं ते वाचून पुढे जातात. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये 1984 पासूनची उपग्रह चित्रं एकामागून एक चालवता येतात. तिथं ब्राझीलमधलं रोंदोनिया राज्य शोधा. आधी हिरव्यात एक महामार्ग दिसतो, मग त्याला काटकोनात फाटे फुटतात, मग फाट्यांच्या दोन्ही बाजूंचं हिरवं सरकत सरकत तपकिरी होतं आणि शेवटी माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार होते. मिनिटभराचं काम. मी दोनदा दाखवते. पहिल्यांदा काहीच न बोलता, दुसऱ्यांदा मध्येच थांबवून: 'आधी रस्ता आला की आधी शेतं?' मग लगेच त्याच पडद्यावर आपला तालुका उघडायचा. धरणाचा जलाशय, एमआयडीसी, वाढलेली वस्ती. पुढचा अर्धा तास मुलंच बोलतात. नेट नसेल त्या दिवसासाठी मी आधीच पडद्याचं रेकॉर्डिंग करून पेनड्राइव्हवर ठेवते, कारण ऐन तासाला बफरिंग सुरू झालं की वर्ग हातातून गेलाच.

व्हिडिओबद्दल एक युक्ती. चांगले व्हिडिओ बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत असतात. मी आवाज बंद करते आणि मराठीत स्वतः बोलते. तीन मिनिटांपेक्षा जास्त दाखवत नाही. टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, व्हिडिओच्या नावापुढे 'मि. 4.10 ते 6.30' असं लिहून ठेवते. आपला आवाज असला की मुलं मध्येच विचारतात, व्हिडिओतल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

सिम्युलेशनसाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आजच बघा. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला प्रकल्प, सगळं फुकट, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. आपल्यासाठी मोलाची गोष्ट अशी की प्रत्येकाची फाइल उतरवून घेता येते आणि ती नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. विद्युतमंडलाचं सिम्युलेशन मी दर वर्षी वापरते, पण आधी टेबलावर खरा सेल, खऱ्या वायरी आणि बॅटरीचे दोन बल्ब.

याचं कारण सांगते. खऱ्या सेलला एक बल्ब जोडा, मग दुसरा समांतर जोडा. दुसरा लागताक्षणी पहिला किंचित मंद होतो. सेल जुना असेल तर चांगलाच होतो. सिम्युलेशनमध्ये हेच करा, पहिला जराही मंद होत नाही. पुस्तकाप्रमाणे सिम्युलेशनच बरोबर, कारण समांतर जोडणीत दोघांना सारखंच विभवांतर. मग टेबलावरचं खोटं का? वर्गात इथं चांगलीच वादावादी होते. खऱ्या सेलला आतून रोध असतो, जास्त धारा ओढली की थोडं विभवांतर आतच खर्ची पडतं. सिम्युलेशनमधला सेल आदर्श असतो, त्याचा अंतर्गत रोध शून्यावर ठेवलेला असतो. तो वाढवायची सरकपट्टी तिथं आहे. ती जरा सरकवली की पडद्यावरचा बल्बही टेबलावरच्यासारखा मंद होतो. पडदा आणि टेबल यांतला फरक मुलांनी स्वतः पाहिला नसता तर सिम्युलेशन म्हणजे नुसता खेळ झाला असता. नुसत्या सिम्युलेशनवर प्रयोग उरकणारे शिक्षक मी पाहिलेत. मला ते पटत नाही, शाळेत सेल नाहीत ही सबब तर मुळीच नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोग ढिगाने आहेत, मराठी पुस्तकंही फुकट आहेत.

इथवर तीन गोष्टी झाल्या: पुस्तकात खुणा करायच्या, खुणा मूळ ठिकाणी तपासायच्या, आणि पडदा फक्त न दिसणाऱ्या गोष्टींसाठी वापरायचा. राहिला प्रश्न साठवणुकीचा, आणि तुमच्या लॅपटॉपची अवस्था वाचून तोच जास्त गंभीर वाटतो.

आम्ही तालुक्यातले काही भूगोल-विज्ञानवाले प्रत्येक पाठाची एक पानाची 'पुरवणी' ठेवतो. तिच्यात चारच रकाने. पान क्रमांक, पुस्तकात काय आहे, आज काय आहे, आणि कुठे व कोणत्या तारखेला पाहिलं. लोकसंख्येच्या पाठाच्या पुरवणीत 'आज काय आहे' या रकान्यात आम्ही 'बदलू नये, तुलना बिघडते' असं लिहिलंय. काय बदलू नये याची नोंदही तितकीच कामाची असते. पुढच्या वर्षी फक्त शेवटचा रकाना बघायचा, तारीख वर्षापूर्वीची असेल तर पुन्हा तपासायचं. दोन-दोन पाठ वाटून घेतले की कुणावरच भार पडत नाही. शिक्षण परिषदेला एकत्र भेटतो तेव्हा कागद बदलून घेतो.

लिंकांवर विसंबू नका. वेबसाइट नव्या होतात, चॅनल बंद पडतात, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्यही जागा बदलतं. क्यूआर कोड स्कॅन करून काहीतरी भलतंच किंवा काहीच न उघडणं तुम्हीही अनुभवलं असेल. पुरवणीत नुसती लिंक न देता साहित्याचं नाव, संस्था आणि त्यातलं आपल्या कामाचं वाक्य किंवा आकडा लिहून ठेवा. लिंक मेली तरी तेवढ्यावर शोधता येतं. जे उतरवून घ्यायची परवानगी आहे ते उतरवून घ्या. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स बरं, प्रत्येक चित्राखाली वापराची अट स्पष्ट लिहिलेली असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात साहित्य वापरायची सवलत आहे. पण कुठल्या प्रकाशनाचं अख्खं गाइड स्कॅन करून पालकांच्या गटावर टाकणं त्यात बसत नाही. आपण ते सर्रास करतो, हेही खरं.

लॅपटॉपवरच्या त्या शेकडो फाइलींचं काय करायचं, असं विचाराल तर एक 'जुनं' नावाचं फोल्डर करून सगळ्या त्यात टाका आणि वर्षभर उघडू नका. ज्या लागतील त्या आपोआप आठवतील.

वेळेचं म्हणाल तर रोज रात्री शोधत बसण्यापेक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, बसून पुरवण्या तपासणं मला परवडतं. सत्र चालू असताना फक्त एक गोष्ट करते. पाठाशी संबंधित एखादी मोठी बातमी आली तर त्याच आठवड्यात पाच मिनिटं तिच्यासाठी. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांची नावं जागतिक वारसा यादीत आली, तेव्हा इतिहासाच्या मॅडमकडून तास मागून घेतला आणि ते किल्ले भूरूपाप्रमाणे नकाशात मांडायला सांगितले. रायगड, राजगड डोंगरी, सिंधुदुर्ग, खांदेरी समुद्रातले, आणि बारावा जिंजी थेट तामिळनाडूत. अकरा महाराष्ट्रातले आणि एकच बाहेरचा असं का, यावरच तास गेला.

मुख्याध्यापकांच्या आग्रहाबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनाही वरून फोटो आणि अहवाल मागितले जातात. टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात पुरवणीचा क्रमांक, वापरलेली फाइल आणि किती मिनिटं, असं रोज लिहा. आमच्याकडे विस्तार अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी हेच पाहिलं आणि रोज व्हिडिओ का नाही असं विचारलं नाही. ज्या तासाला गरज नाही तिथं 'फळा, खडू, गोफण' लिहायला लाजू नका. अभिकेंद्री बल शिकवायला दोरीला बांधलेला दगड पुरतो, फक्त मैदानावर आणि मुलांना लांब उभं करून.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर, तुमच्याकडे अवकाश मोहिमांचा पाठ दिवाळीनंतर येत असेल तर तोच घ्या. इस्रोच्या संकेतस्थळावर चांद्रयान-3 च्या प्रत्येक टप्प्याचे आकडे आहेत. 14 जुलै 2023 ला उड्डाण झाल्यावर पहिली कक्षा साधारण 170 गुणिले 36,500 किमी, म्हणजे पृथ्वीपासून सर्वात जवळ 170 आणि सर्वात लांब 36,500. मग एकेक झटका देत ती वाढवत नेली, 25 जुलैला ती 236 गुणिले सुमारे 1,27,600 किमी झाली. 1 ऑगस्टला यान चंद्राच्या दिशेने निघालं, 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं. 1969 मध्ये अपोलो-11 चार दिवसांत चंद्रावर उतरलं आणि आपल्याला चाळीस का लागले, हा प्रश्न आधी टाका. मुलं 'आपलं तंत्रज्ञान कमी' असं म्हणतील. मग रॉकेटची ताकद, इंधन आणि खर्च यांचं गणित काढा, पाठातला वेग आणि कक्षेचा भाग आपोआप येतो.

त्या कक्षा मुलांना आलेख कागदावर काढायला लावा, 1 सेंमी म्हणजे 10,000 किमी. एक गोष्ट आधीच सांगा, नाहीतर अर्धा वर्ग चुकतो. इस्रोचे आकडे पृथ्वीच्या पृष्ठभागापासूनचे असतात, केंद्रापासून मोजायचं तर पृथ्वीची त्रिज्या, सुमारे 6,400 किमी, मिळवावी लागते. या प्रमाणात चंद्र जवळजवळ 38 सेंमीवर जातो, म्हणजे एका कागदावर मावत नाही. दोन कागद जोडायचे, डिंक आणि पट्टी आणायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.